हाक सगळ्यांच्या कानी जायला हवी

पनवेलजवळच्या नेऱ्याहून धोदाणीकडे, माथेरानच्या पायथ्याशी निघालं की वाटेत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. दिवाळी सरली की कितीतरी कातकरी घरं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या काळात एखादी लेक दिसेनाशी झाली तर तक्रार कुठे करायची, गावच्या ठाण्यात की भट्टीजवळच्या? डोक्यावर मालकाची उचल, हाती मुलीचा धड फोटोही नाही आणि ‘गेली असेल कुणाबरोबर’ हे उत्तर ठरलेलं. कायदा मात्र स्पष्ट आहे. अल्पवयीन मूल हरवलं तर अपहरण किंवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बजावलं आहे. हद्दीचं कारण सांगून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही. सज्ञान बाईची मात्र बहुधा नुसती ‘मिसिंग’ नोंद होते. अशा दुर्लक्षावर इतरत्र वाट काढली गेली आहे: अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये हरवलेल्या मूलनिवासींसाठी खास इशारा-यंत्रणा कायद्याने उभी केली, कारण सर्वसाधारण यंत्रणेच्या नजरेतून त्यांच्या लेकी निसटत होत्या. आपल्याकडेही २०२३ मध्ये आपत्ती-इशाऱ्याच्या चाचणीने मोबाइल एकदम खणखणले होते. म्हणजे तंत्र हाताशी आहे. ते वाडीतल्या लेकीसाठीही वापरा. पनवेलचं रेल्वे स्टेशन, एसटी स्थानक आणि भट्ट्यांचा पट्टा इथे तासाभरात इशारा पोचू द्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तो बोलका असू द्या. वाचकहो, तोवर एवढं कराच: चोवीस तास थांबू नका, मुलांसाठीचा १०९८ किंवा तातडीचा ११२ क्रमांक फिरवा आणि हरवलेल्या लेकीच्या आईबरोबर ठाण्यात जा.