छंदाच्या नावानं खरेदी

"छंद परवडत नाहीत हो आजकाल," असं जी मंडळी मला ऐकवतात, त्यांच्या घरात छंदाचं सामान ठेवायला जागा उरलेली नसते. माळ्यावर ॲक्रिलिक रंगांचे सीलबंद संच, कपाटामागे कोरे कॅनव्हास, पलंगाखालच्या खणात रेझिनच्या बाटल्या. क्रोशाच्या सुयांचा पाऊच तर असा, की दोन मिलीमीटरपासून अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरनं चढत जाणारी अख्खी रांग त्यात हजर. आणि विणून काय झालं म्हणाल, तर एक कोस्टर. तोही अर्धा. या मंडळींना छंद नाही असं कोण म्हणतं? आहे की. खरेदीचा आहे, आणि तो त्यांनी नेटानं जोपासलाय. फक्त त्याचं बिल विणकामाच्या नावावर फाडू नका.

हा राग मी उगाच काढत नाहीये. महिनाअखेरीला दूधवाला, वाणी आणि पोरांची फी भागवून मगच बाकीचं बघणारी जी घरं आहेत, त्यातलं माझं एक. अशा घरातली बाई दुकानातल्या किटची किंमत बघते आणि "आपल्यासाठी नाही हे" म्हणून परत येते. तिनं परत यावं, पण त्या कारणानं नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक हस्तकला चणचण असलेल्या घरांतच वाढल्या. हाताशी आहे त्यात भागवणं ही त्यांची रीतच. बाजार ती रीत काढून टाकतो, तिच्या जागी किट घालतो, आणि मग वस्तू महाग तर होतेच, वर बिघडते.

गोधडीचंच घ्या. मध्यंतरी एका कॅफेत गोधडीचं वर्कशॉप होतं. फी अडीच हजार, चहा वेगळा. मैत्रिणीनं पैसे भरलेले, ऐनवेळी तिला ताप आला, म्हणून तिच्या जागेवर मी. समोर आलं ते कोऱ्या सुती कापडाचे मशीनवर कापलेले चौकोन, मध्ये भरायला पॉलिस्टरचं वॅडिंग आणि लाकडी डबीत एक सुई. शिकवणारी मुलगी गोड होती, पण दर दोन वाक्यांनी 'सस्टेनेबल' म्हणत होती. कोरं कापड कापून, त्यात प्लॅस्टिकचा कापूस भरून सस्टेनेबल! शेजारच्या बाई दर चार टाक्यांनी बोट टोचून घेत होत्या, कारण कोऱ्या कापडाला खळ असते, ते ताठ असतं, थर वाढले की सुई अडते.

गोधडीला जुनं लुगडं लागतं ते काही गरिबीचं प्रदर्शन मांडायला नव्हे. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं, आटायचं तेवढं आटूनही झालेलं असतं. चार-पाच थरांतून सुई सहज जाते. वर-खाली जरा धड असलेलं लुगडं, आत विरलेली धोतरं, चादरी, पोरांची झबली. सगळं अंगणात नीट अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि काठापासून धावदोरा घालत घालत आत यायचं. ओळी जवळजवळ असतात त्या नक्षीसाठी असतातच, पण विरलेलं कापड जागच्या जागी धरून ठेवायचं काम त्यांचंच. कॅफेतली गोधडी पहिल्या धुण्यात काय करेल? वरचं सुती कापड आटेल, आतलं पॉलिस्टर आटणार नाही, आणि सगळी गोधडी चुरगळून बसेल. अडीच हजारांत हे काही कुणी सांगितलं नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही जुन्या कपड्यांचीच, काठाकडून आत. त्या कवंद्यांची अमेरिकेत प्रदर्शनं भरली आहेत. त्यासाठी त्यांना कुणाच्या किटची गरज पडली नाही.

वारलीचं तर विचारूच नका. डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवर लग्नघरात चौक लिहायच्या त्या सवाशिणी. भिंत गेरूनं लाल केलेली, रंग म्हणजे पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रं कागदावर, कापडावर आणली, जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. आता मॉलमध्ये 'वारली किट' मिळतं. त्यात फळीवर आकृत्या आधीच छापलेल्या, सोबत पांढरं मार्कर, आणि आपण फक्त गिरवायचं. गिरवायची सोय पहिलीतल्या पोरांना पाटीवर फुकट आहे, त्यासाठी मॉलमध्ये कशाला जायचं?

आमच्या सोसायटीतली दिवाळीची गोष्ट तीच. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला करायचा, वर मोहरी किंवा अळीव टाकायचे, चार दिवसांत हिरवळ येते. खर्च शून्याच्या आसपास. पण चिखलानं फरशी खराब होते अशी तक्रार झाली आणि गेल्या दिवाळीत वर्गणी काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आला. पोरं त्याच्याशी फोटो काढून घरी गेली. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, थांबतील कशाला?

ज्यांना वाटतं की स्वस्तातलं म्हणजे टाकाऊ आणि टाकाऊ म्हणजे पोरकट, त्यांनी अरविंद गुप्ता यांचं काम बघावं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या घेऊन बसला. ट्यूबच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार. त्या सांध्यांचा चौकोन केला तर तो हलतो, कलतो. त्रिकोण हलत नाही. पूल आणि मनोरे त्रिकोणांचे का असतात, हे पोराला एका आगपेटीत कळतं. पुण्यात आयुकामधल्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं असली खेळणी केली, आणि कृती सगळ्यांसाठी फुकट ठेवल्या. २०१८ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. तरी सुट्टी लागली की आईबाप दोन हजारांचं 'सायन्स किट' आणतात, ज्यात तीन तुकडे हरवले की सगळं विज्ञान संपतं.

आता विणकामाचं सांगते, कारण तो माझा प्रांत. लोकर महाग झाली आहे, खरं आहे. मग जुना स्वेटर उसवा. पण उसवण्याआधी तो उलटा करून बगलेची शिवण बघा. शिवणीवर ओव्हरलॉकचे दोरे असतील तर तो स्वेटर कापडासारखा कापून शिवलाय. तो उसवला तर दर ओळीला एक तुकडा हातात येईल, सोडून द्या. शिवण साधी असेल तर तिचा दोरा काढा, भाग सुटे करा आणि जिथं विणकाम संपवलंय त्या टोकाकडून, म्हणजे बहुधा गळ्याकडून, ओढायला लागा. लोकर शेवयांसारखी वेटोळी येते. घाबरू नका. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि खाली हलकं वजन लटकावून वाळवा. वेटोळी जातात. जुन्या बाजारात असा स्वेटर नव्या लोकरीपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो, आणि निघालेल्या लोकरीत माणसाला दोन हिवाळे गुंतवून ठेवायची ताकद असते.

सगळंच फुकटात करा असं मी म्हणत नाही. फुकटेपणाचीही एक नशा असते आणि तीही वाईट. कात्री चांगली घ्या, कापडासाठी वेगळी ठेवा आणि तिनं कागद कापणाऱ्याला घरात कडक शब्दांत समज द्या. क्रोशाची सुई एकच घ्या, चार मिलीमीटरची, पण टोक गुळगुळीत असलेली. नाहीतर ती प्रत्येक टाक्यात लोकर चिरते. दिवा डोळ्यांना बरा असावा. बास. पुढची खरेदी पहिली वस्तू पुरी झाल्यावर.

आणि ते दुसरं दुखणं. बाईनं दोन रुमाल विणले की घरात पहिला प्रश्न येतो, "यातून काही सुटतं का?" मग भाचा इन्स्टाग्रामवर पेज काढून देतो, वहिनी भाव ठरवते, आणि जी दुपार तिची स्वतःची होती तिच्यावर ऑर्डरी येऊन बसतात. साहेबाला गोल्फमधून काय सुटतं हे कुणी विचारत नाही. हाती पैसा कमी असलेल्या माणसाचा विरंगुळा मात्र लगेच जोडधंदा व्हायला हवा! ज्यांना कमवायचंय त्यांनी जरूर कमवावं, पण तो धंदा झाला. त्याचा हिशेब धंद्यासारखा करा, स्वतःच्या तासांचे पैसे धरा. नसेल कमवायचं तर "काही सुटत नाही, आणि सुटायलाही नको," असं तोंडावर सांगायला शिका.

जाता जाता एक. या लेखाचा आधार घेऊन उद्या कुणी बाजारात गोधडी विकायला बसलेल्या मावशींना "जुन्याच साड्या तर आहेत, एवढे कशाचे?" असं विचारणार असेल, तर त्यांनी हा लेख वाचला नाही असं मी समजेन. लुगडं जुनं असेल, पण मावशींचे कित्येक दिवस त्यात गेलेत. घासाघीस करायचीच तर त्या अडीच हजारांच्या किटवाल्याशी करा. मावशी सांगतील ती किंमत मोजा.