ॲप्रनवर विश्वास, आडनावावर संशय

"कपड्यांत काय ठेवलंय? डॉक्टर हुशार असला म्हणजे झालं." आपले पुरोगामी मित्र असं सहज बोलून जातात. ज्यांच्या कपड्यांवरून कधी कोणी जात ओळखली नाही, त्यांनाच हे बोलणं परवडतं.

मनुस्मृतीने चांडाळांच्या अंगावर मेलेल्यांची वस्त्रं घातली. 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये ती मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव टाकून द्यायला सांगितलं. कपडा हा सत्तेचा प्रश्न आहे, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता दवाखान्यात या. अमेरिकेतल्या 10 रुग्णालयांतल्या चार हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांनी डॉक्टरचा पोशाख महत्त्वाचा मानला. सर्वाधिक पसंती नीटनेटक्या कपड्यांवरच्या पांढऱ्या कोटाला मिळाली. म्हणजे विश्वास आधी डोळ्यांतून बसतो. पण डोळे कुठे निष्पक्ष असतात? उच्चवर्णीय सर्जन टी-शर्ट-चपलेत आला की "किती साधा माणूस!" आपली मुलगी ॲप्रन घालून उभी असली तरी "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" साधेपणासुद्धा वारशाने मिळतो, मित्रांनो.

मग ॲप्रन घातला की सुटलो का? नाही. एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव थोरात समितीने 2007 मध्येच मांडला. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. जातीवरून छळाच्या आरोपाचा खटला उभा राहिला. ॲप्रन त्यांच्याही अंगावर होता.

म्हणून ॲप्रनची पूजा नको. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 2007 मध्ये संसर्ग टाळण्यासाठी लांब बाह्यांच्या कोटावर बंदीचं धोरण आणलं. तिथे डॉक्टरकीचा मान काही बुडाला नाही. आणि बोगस डॉक्टरही ॲप्रन शिवून घेतोच.

आपली मागणी सरळ आहे. प्रत्येक डॉक्टरच्या छातीवर पद आणि पदवी मराठीत, ठळक अक्षरांत हवी, आडनावापेक्षा मोठी. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणं 2002 च्या नियमांनी बंधनकारक आहे. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी तो बघायची सवय लोकांना लावावी. आणि आपल्या डॉक्टर मुला-मुलींनी ताठ मानेने, नीटनेटकं राहावं. कोणाच्या मेहेरबानीसाठी नव्हे, ती जागा आपली आहे म्हणून.

जय भीम!