राखेतलं पहिलं रोप



नैसर्गिक आपत्तींचा पाठ आपण कसा शिकवतो? भूकंप, पूर, वादळ, ज्वालामुखी. प्रत्येकाची कारणं, नुकसान आणि घ्यायची काळजी. प्रश्नोत्तरं लिहून झाली की पाठ संपला! मुलांच्या डोळ्यांसमोर राहतं ते फक्त उद्ध्वस्त जमिनीचं चित्र. माझं स्पष्ट मत आहे, की 'पुढे काय झालं?' हे सांगितल्याशिवाय हा पाठ पूर्ण होत नाही.

मी वर्गात अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताची गोष्ट सांगते. १८ मे १९८० रोजी या ज्वालामुखीचा स्फोट झाला. ५७ माणसं दगावली. पर्वताची उंची सुमारे ४०० मीटरने कमी झाली. सुमारे ६०० चौरस किलोमीटर परिसरातलं जंगल उद्ध्वस्त झालं.

"मग सगळं संपलं का?" मी विचारते. मुलं एका सुरात "हो!" म्हणतात.

पण संपलं नव्हतं. काही ठिकाणी अजून बर्फ होता, त्याखालची लहान झाडं वाचली. गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी बिळात होते म्हणून जगले. बिळं उकरताना त्यांनी खालची माती राखेवर आणली, तिच्यात रोपं रुजली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे आधी ल्युपिन उगवलं. हे आपल्या हरभरा-भुईमुगाच्या कुळातलं. मुळांच्या गाठींतले जिवाणू त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात, म्हणून ते नापीक राखेतही तगलं आणि कुजून इतर झाडांसाठी माती तयार करत गेलं. १९८२ साली तिथला सुमारे १ लाख १० हजार एकर भाग राखीव करून निसर्गावर सोपवला गेला. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी पूर्वीचं घनदाट जंगल अजून परतलेलं नाही.

एकदा ही गोष्ट ऐकून एका मुलाने विचारलं, "बाई, मग आपल्या डोंगराला वणवा लागला तर काय बिघडलं? परत उगवेलच की!"

मी क्षणभर गप्पच झाले. गोष्टीतला महत्त्वाचा भाग माझ्याकडूनच राहिला होता. निसर्ग सावरतो, पण त्याला दोन गोष्टी लागतात: मागे उरलेलं थोडंसं जीवन आणि भरपूर वेळ. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसांनी लावलेले असतात, तेही दर उन्हाळ्यात. पावसाळ्यात उगवलेलं रोप गुडघ्याएवढं होण्याआधीच पुन्हा जळतं. मग सावरायचं कधी?

तेव्हापासून मी हे दोन्ही एकत्रच शिकवते. नुसती भीती शिकवली तर मुलं हताश होतात आणि नुसती आशा शिकवली तर बेफिकीर.

पालकांनो, यंदा पावसाळ्यात मुलांना एखाद्या जळलेल्या माळावर नक्की घेऊन जा. काय गेलं ते विचारू नका. काय उरलंय आणि काय नव्याने उगवतंय, ते त्यांना शोधू द्या.