लहान मोटार आणि मोठा हिशेब

वाशीसारख्या तालुक्याच्या गावी लहान मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. रुग्णाला धाराशिवला न्यावयाचे असो की मुलीला परीक्षेस पोचवावयाचे असो, एस.टी.ची वेळ टळली की मोटारीची गरज भासते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, हा निर्णय म्हणूनच स्वागतार्ह होय. परंतु किंमत उतरली म्हणजे मोटार स्वस्त झाली, असे मानणे आम्हांस धोक्याचे वाटते.

मोटारीची खरी किंमत दुकानात नव्हे, रस्त्यावर कळते. लिटरला २० किलोमीटर चालणाऱ्या गाडीस १०० किलोमीटरच्या फेऱ्याला ५ लिटर पेट्रोल लागते. म्हणजे आजच्या दराने ५०० रुपयांहून अधिक. त्यावर विमा, टायर, बॅटरी आणि दुरुस्ती आहेच. ज्या घरचे उत्पन्न सोयाबीनच्या भावावर हेलकावे खाते, त्या घराने कर्जाच्या हप्त्याबरोबर हा खर्चही आधी कागदावर मांडला पाहिजे.

येथवर प्रश्न पैशाचा झाला. जिवाचा प्रश्न याहून मोठा आहे. स्कूटरवर कसेबसे बसून जाणारी कुटुंबे पाहून रतन टाटा यांनी १० जानेवारी २००८ रोजी एक लाखाची ‘नॅनो’ देशापुढे ठेवली. हेतू थोर होता. तथापि २०१४ साली ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या धडक-चाचणीत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. ‘अल्टो ८००’सह एअरबॅग नसलेल्या इतर चार गाड्यांची गतही तीच झाली. त्यांतल्याच ‘पोलो’ला दोन एअरबॅगा बसविताच चार तारे मिळाले! दोष गाडीच्या लहानपणाचा नव्हता एवढा, जेवढा स्वस्ताईसाठी सुरक्षिततेला कात्री लावण्याच्या रीतीचा होता.

वाशी तालुक्यातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. तेथे या इवल्या मोटारींच्या शेजारून भरधाव कंटेनर धावतात. २०२३ मध्ये सरकारने ‘भारत एनकॅप’ ही देशी चाचणी सुरू केली, पण ती ऐच्छिक ठेवून. आमची मागणी स्पष्ट आहे. ही चाचणी सर्वांत लहान आणि स्वस्त मोटारींना प्रथम सक्तीची करावी व तिचा निकाल किमतीच्या पाटीशेजारी लावावा. ग्राहकानेही ‘ॲव्हरेज किती?’ यापाठोपाठ ‘तारे किती?’ हे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. कर उतरवून सरकारने सामान्य माणसाच्या खिशाची काळजी वाहिली. आता त्याच्या जिवाचीही वाहावी.