घण बाईच्या हाती, कसब कोणाच्या नावे?

राजगडावर चढणाऱ्या वाटांपैकी रुंद आणि पायऱ्यांची वाट पाली गावाकडून जाते. तिच्या माथ्यावरील पाली दरवाजा आजही भक्कमपणे उभा आहे. हा दरवाजा कोणी बांधला, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा पाठ्यपुस्तकातील उत्तर ठरलेले असते. परंतु कातळ फोडणारे पाथरवट, त्यांच्या छिन्न्यांना धार लावणारे लोहार आणि तुळया घडविणारे सुतार यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांच्या घरच्या ज्या स्त्रियांच्या श्रमावाचून कोणतेच बांधकाम पुरे होत नाही, त्यांचा तर उल्लेखही नाही. भोर-वेल्ह्याच्या या डोंगराळ मुलखात, राजगडाच्या सावलीत वाढणाऱ्या आपल्या मुलींचा विचार करताना हे विस्मरण आम्हांस पुनःपुन्हा आठवते. दहावी-बारावीनंतर आपल्या मुली फिटर, वेल्डर, वायरमन, गवंडी किंवा इंजिनचालक का होत नाहीत, आणि झाल्या तर आपण त्यांच्या पाठीशी उभे राहणार काय, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर मिळते. ही कामे अंगमेहनतीची आहेत, ती बाईला झेपणार नाहीत, असे सांगितले जाते. हे उत्तर देणाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाचे काम एकदा तरी थांबून पाहावे. लाल झालेले लोखंड सांडशीत धरून पुरुष बसलेला असतो आणि त्यावर घणाचे घाव घालीत असते ती त्याची पत्नी, बहीण किंवा मुलगी. त्या कामातील सर्वांत जड भाग स्त्रीच्या वाट्याला आला आहे. तथापि लोखंडाला आकार कोणता द्यावा, ते कधी वळवावे आणि कधी पाण्यात बुडवावे, हा निर्णय पुरुषाचा असतो आणि लोहार म्हणून नावही त्याचेच होते.

हीच मांडणी इतरत्रही दिसते. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहून नेते ती बाई. थापी आणि ओळंबा मात्र गवंड्याच्या हाती. कुंभाराकडे माती मळते ती बाई. चाक फिरवितो तो पुरुष. हातमागाच्या घरात कांड्या भरते ती बाई. मागावर बसतो तो पुरुष. आपल्या खोऱ्यांतील भातशेतीचेही तसेच आहे. आषाढाच्या पावसात दिवसभर कमरेत वाकून लावणी करते ती बाई. शेतात पॉवर टिलर आला की त्याची मूठ मात्र पुरुष धरतो. म्हणजे स्त्री-पुरुषांच्या कामांमधील सीमारेषा शारीरिक बळाने आखलेली नाही. जेथे वजन आहे तेथे स्त्रीला कोणी अडविलेले नाही. जेथे हत्यार, निर्णय आणि अधिक मजुरी आहे, तेथे मात्र ती अडविली गेली आहे.

ही रचना आपल्या समाजाला अपरिचित असण्याचे कारण नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात मांडले. मुंबईच्या कापडगिरण्यांत त्याचा प्रत्यक्ष पुरावा होता. विणकाम खाते हे अधिक वेतनाचे खाते होते आणि तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेले सूत आम्हांस चालणार नाही, अशी सवर्ण कामगारांची भूमिका होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. ज्या चळवळीने मालकांकडे न्याय मागितला, तिने आपल्याच घरातील अन्यायाकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच गिरण्यांत स्त्रियाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. परंतु त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांतच होत्या. माग त्यांच्याकडे आले नाहीत. अस्पृश्याला विटाळाचे कारण सांगून आणि स्त्रीला नाजूकपणाचे कारण सांगून एकाच दारावर थांबविले गेले. कारणे वेगळी होती, परंतु दोघांनाही नाकारलेले खाते एकच होते. म्हणून मुलींच्या कौशल्यशिक्षणाचा प्रश्न हा आपल्या चळवळीच्या मूळ प्रश्नांपैकीच एक आहे, असे आमचे मत आहे.

हे सारे जुन्या काळी झाले, आता तसे काही उरले नाही, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी याच मुंबईतील एक अलीकडचे उदाहरण देतो. चित्रपट व्यवसायातील रंगभूषा व केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेने स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व देण्याचे नाकारले होते. स्त्रीने केशभूषा करावी, चेहऱ्यास रंग लावण्याचे काम पुरुषाचे, असा दंडक पाच दशकांहून अधिक काळ चालू होता. स्त्रियांना प्रवेश दिल्यास पुरुषांची रोजीरोटी जाईल, हे त्याचे उघड कारण होते. चारू खुराना यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरविला. रंगाची कुंचली काही घणाएवढी जड नव्हे. तेव्हा येथे शक्तीचा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता मजुरीचा आणि मक्तेदारीचा.

कायद्याचा इतिहासही या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. बाबासाहेब व्हॉइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, युद्धकाळात कोळसा खाणींत भूमिगत कामावर स्त्रियांना तात्पुरती परवानगी दिली गेली. त्यावर फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा झाली. समान कामास समान वेतन हे तत्त्व स्त्री-पुरुष भेद न करता एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, हा मुद्दा बाबासाहेबांनी त्या चर्चेत आवर्जून मांडला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये हेच तत्त्व राज्यासाठी मार्गदर्शक ठरले, आणि अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीतील लिंगभेदास मनाई केली. दुसरीकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेबाहेर कारखान्यात कामास मज्जाव केला. हेतू संरक्षणाचा होता; परंतु तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याने त्याचा अर्थ ‘मुली नकोत’ असा लावला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने मात्र सर्व प्रकारच्या आस्थापनांत आणि सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना नेमता येईल असे म्हटले असून, रात्रपाळीसाठी तिची संमती आणि मालकाची सुरक्षेची जबाबदारी या अटी घातल्या आहेत. कायद्याचे दार उघडले आहे. घराचे दार उघडणे शिल्लक आहे.

जेथे ते उघडले तेथे काय घडले, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातील सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. पुढे शिकून शिक्षिका व्हावे असा त्यांचा विचार होता. परंतु रेल्वेची परीक्षा दिली, निवड झाली, आणि १९८९ साली त्या सहायक इंजिनचालक म्हणून रुजू झाल्या. मालगाडी, लोकल, घाटातील गाड्या अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन नेली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत. या दोन तारखांपेक्षा आम्हांस मधली वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. कसब एका दिवसात येत नाही. ते पाळ्या भरून, परीक्षा देऊन आणि वरिष्ठाच्या शेजारी बसून शिकावे लागते. तेवढा अवधी मुलीला मिळू देणे, हीच कुटुंबाची खरी मदत होय.

पुण्याचे उदाहरणही बोलके आहे. १९७४ साली टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला. पुण्यात मुलाखत झाली आणि त्या तेथे अभियंता म्हणून रुजू झाल्या. त्याच कंपनीच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातील प्रकल्पात आज मोटारगाड्यांच्या जोडणीचे संपूर्ण काम स्त्रियांच्या हाती असलेला विभाग चालतो. २०२३ च्या जून महिन्यात आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सासवड आगाराच्या एका महिला चालकाने एसटीचे चाक हाती घेतले. प्रवासी गाडीत बसले आणि इच्छित स्थळी उतरले. एवढेच घडले, आणि एवढेच घडावयास हवे होते.

आता आपल्या समाजातील एका संकोचाविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, मेलेली ढोरे ओढली, लाकडे फोडली. बाबासाहेबांच्या आदेशाने ती कामे आपण सोडली आणि लेखणी हाती घेतली. त्यामुळे मुलगी अंगावर निळा डगला चढवून वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभी राहणार, असे ऐकताच अनेक सुजाण पालकांच्या कपाळावर आठी उमटते. शिकून पुन्हा हातकामच करावयाचे काय, असे ते विचारतात. त्यांच्या या प्रश्नामागे एक जखम आहे आणि तिचा आम्ही आदर करतो.

परंतु वेठ आणि कसब यांत अंतर आहे. वेठ जन्माने लादली जाते, तिला दाम नसतो आणि ती सोडण्याची मुभा नसते. कसब स्वतः निवडता येते, त्याचे प्रमाणपत्र मिळते, त्याचा दर ठरविता येतो आणि एक कारखाना सोडून दुसरीकडे जाता येते. बाबासाहेबांनी सोडावयास सांगितली ती वेठ. १९४२ साली व्हॉइसरॉयांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणाची खरी गरज असल्याचे मांडले, आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांमध्ये त्यांना शिकाऊ म्हणून घेतले जावे अशी मागणी केली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते. आम्ही स्वतः इतिहासाचे पदवीधर असल्याने हे लिहिताना आम्हांस दुहेरी समाधान वाटते. ज्या जोतीरावांना आपण गुरू मानतो, तेही बांधकामाचे कंत्राटदार होते, आणि भोरकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावरील कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. तथागतांनी सांगितलेल्या सम्यक् आजीविकेतही हात आणि बुद्धी असा भेद नाही. ती आजीविका कोणाची हिंसा वा फसवणूक न करता मिळविलेली असावी, एवढीच तिची कसोटी आहे.

अर्थात सारे काही सोपे आहे, असे आम्ही म्हणत नाही. अनेक कारखान्यांत मुलींना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात आणि मुदत संपताच घरी पाठवितात. कसब पक्के होण्यापूर्वीच नोकरी जाते. कित्येक कार्यशाळांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते. वेल्ह्याच्या आतील वाड्यांतून शिरवळ किंवा चाकणच्या पाळीला वेळेवर पोहोचेल अशी गाडी नसते आणि राहण्यास वसतिगृह नसते. या अडचणी मुलीच्या अंगच्या नाहीत, व्यवस्थेच्या आहेत. म्हणून मुलीला मागे ओढणे हे त्यांचे उत्तर होऊ शकत नाही. ज्या समाजाने पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केला, त्याला कारखान्याच्या दारात स्वच्छतागृह आणि बस मागणे जड जाऊ नये.

म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवितो. आपल्या निवासी शाळेत आठवीपासून मुला-मुलींना समानतेने हत्यारे हाताळावयास मिळावीत. वसतिगृहातील बिघडलेला पंखा, गळका नळ आणि मोडके बाक दुरुस्त करण्याच्या पाळ्या मुलींनाही लागाव्यात. आणि स्वयंपाकघराच्या पाळ्या मुलांनाही. दहावीच्या निकालापूर्वी मुलींना व त्यांच्या पालकांना आयटीआय व तंत्रनिकेतन प्रत्यक्ष दाखवावे, कारण ज्या यंत्राकडे कधी पाहिलेच नाही ते निवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कारखान्यांत, रेल्वेत, महावितरणात आणि एसटीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवारीच्या जागा कधी निघतात, हे शाळेस वेळेवर कळवावे. प्रत्येकाने एका मुलीस अर्जापासून पहिल्या पगारापर्यंत सोबत दिली, तरी पाच वर्षांत या परिसराचे चित्र पालटू शकेल.

पालकांकडे आमची एकच विनंती आहे. मुलगी घरी येऊन ‘मला वायरमन व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर लग्नाची गोष्ट त्या दिवशी काढू नका. तिला आधी विचारा की प्रवेशाची शेवटची तारीख कोणती आहे आणि कागदपत्रे कोणती लागतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका एका पिशवीत घालून तिच्यासोबत तालुक्याच्या गावी जा. आपल्या पूर्वजांच्या हातून हत्यार काढून घेण्यास शतके लागली. ते आपल्या लेकीच्या हाती परत देण्याचे काम मात्र त्या एका सकाळी सुरू होऊ शकते.