गोळीसोबत माणूसही हवा
सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरील एआरटी उपचाराची औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. ती रोज, आयुष्यभर घ्यावी लागतात. खाडे वाढले की विषाणू औषधाला दाद देत नाही. खाडे का होतात? गोळ्या घरच्यांपासून लपवाव्या लागतात, एआरटी केंद्रावर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. हे रांगेत उभे राहून कोण सांगणार? स्वतः एचआयव्हीसह जगणारी, ओळखीची बाई घरी आली की मन मोकळे होते. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच प्रतिबंधाच्या कामात पुढे केले, ते उगाच नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधितांशी होणाऱ्या भेदभावाला मनाई केली, पण तक्रारीसाठीही सोबत लागते. ही सोबत करणाऱ्यांना तुटपुंज्या मानधनावर राबवू नका. नियमित नेमणूक आणि वेळेवर पगार द्या.