बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू आजारी पडले तर? वऱ्हाडात आधी डॉक्टर शोधा, मग प्राणी घरी आणा

मोबाइलवर रील दिसते, मेसेज जातो आणि चार-पाच इंचांचे पिल्लू प्लॅस्टिकच्या डब्यातून घरी येते. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात ते खाणे सोडते, डोळे मिटून पडून राहते. मग शोधाशोध सुरू होते ती डॉक्टरची. मोठ्या शहरांतली ही हौस अमरावती, अकोल्यासारख्या शहरांतही मोबाइलमुळे एका मेसेजवर आली आहे. उपचाराची सोय मात्र तेवढ्या वेगाने येत नाही. खरी अडचण इथेच आहे.

हा प्राणी नेमका कोणता?

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला सरडा. राग आला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून ‘दाढीवाला’. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा याच कुळातला. महाराष्ट्रात सापडणाऱ्या, गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये थेट ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. म्हणजे नातेवाईक आपल्या माळरानावरच आहेत. फरक इतकाच, की ते स्वतःचे ऊन-सावली स्वतः निवडतात. काचेच्या पेटीतल्या पिल्लाला ती निवड मालकाने करून द्यावी लागते.

पिल्ले आजारी का पडतात?

बहुतेक वेळा रोगजंतूंच्या आधी पेटीची मांडणी चुकलेली असते.

हाडे मऊ पडणे: कॅल्शियम शरीरात शोषले जायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात. हे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. खिडकीजवळ ठेवलेल्या पेटीला उजेड मिळतो, यूव्हीबी नाही. त्यात खायला दिलेल्या किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. मग जबडा रबरासारखा लवचिक होतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. वाढत्या पिल्लात हे झपाट्याने होते.

चावे: एका पेटीत दोन-तीन पिल्ले ठेवली की मोठे लहानाची बोटे आणि शेपटीचे टोक तोडते. पालीची शेपटी परत येते, याची येत नाही.

पोट अडकणे: वाळू किंवा भुसा तोंडातून पोटात जातो, किंवा किडा फार मोठा असतो. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये, हा सोपा नियम आहे.

परजीवी आणि विषाणू: कॉक्सिडियासारखे परजीवी आणि पिल्लांना ग्रासणारा अ‍ॅडेनोव्हायरस. यांचे निदान विष्ठेची किंवा प्रयोगशाळेची तपासणी केल्याशिवाय होत नाही.

वऱ्हाडातले वेगळे प्रश्न

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळा भर पेटी गरम कशी ठेवायची यावर असतो. अकोल्याच्या मे महिन्यात प्रश्न उलटा आहे. पिल्लाला ऊन खाण्याच्या जागी ४० अंशांच्या आसपास तापमान लागते, पण पेटीचे दुसरे टोक २६ ते २९ अंशांवर हवे. बाहेर पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा बंद खोलीत हे थंड टोकच उरत नाही. अशा दुपारी उष्णतेचा बल्ब बंद ठेवून फक्त यूव्हीबी ट्यूब चालू ठेवावी लागते. कूलरचा झोत थेट पेटीवर सोडणेही चूक. दमट हवा सतत लागली की श्वसनाचा त्रास सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र उलट पेटी गार पडते आणि वीज गेली तर बल्बही विझतो. म्हणून अंदाजावर नको, दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर हवा आणि बल्बला थर्मोस्टॅट.

जमेची बाजूही आहे. सकाळचे कोवळे ऊन इथे फुकट आणि भरपूर मिळते. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, समोर बसून १५-२० मिनिटे ऊन द्यावे. काचेची पेटी मात्र उन्हात कधीच ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते.

दुसरा धोका शेतातून येतो. नाकतोडे फुकट मिळतात म्हणून कपाशी, सोयाबीनच्या शेतातून पकडून आणले जातात. फवारणीच्या हंगामात हे विषच ठरू शकते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजुरांचे जीव गेले. जे औषध माणसाला झेपले नाही, ते काही ग्रॅमच्या पिल्लाला कसे झेपेल? काजवे तर कधीच देऊ नयेत; त्यांच्यातले विष या सरड्याला मारू शकते.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे: आधी तापमान, मग पाणी, खाणे सर्वात शेवटी.

- पिल्लाला वेगळे ठेवा. वाळू काढून साधा कागद अंथरा.
- दोन्ही टोकांचे तापमान मोजून दुरुस्त करा. अंग गार असताना भरवलेले अन्न पचत नाही, पोटात कुजते.
- डोळे खोल गेले असतील, कातडी सुरकुतली असेल तर कोमट, उथळ पाण्यात १० मिनिटे ठेवा. पाणी कोपराच्या वर नको. नजर हटवू नका.
- जखम सलाइनने धुवा. हळद, तेल, माणसांचे मलम किंवा वेदनाशामक गोळी नको.
- पाय मोडला असेल तर घरी काडी बांधू नका. मऊ कापड घातलेल्या लहान डब्यात ठेवा.
- रोज एकाच वेळी ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवा. ही नोंद, पेटीचा फोटो आणि ताजी विष्ठा डॉक्टरांकडे न्या.
- हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला पसरतो, लहान मुलांना धोका जास्त.

शेपटीचे टोक काळे पडत वर सरकणे, झटके येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा मागचे पाय ओढणे दिसले, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइटिस यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. आपला प्राणी त्या यादीत आहे का, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे. ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठी बाहेर पाठवू देत नाही. बँकॉकहून येणाऱ्यांच्या बॅगांतून परदेशी सरपटणारे प्राणी आपल्या विमानतळांवर वारंवार जप्त होतात. त्यामुळे पावती न देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. ती मागण्यात संकोच नको.

घोरपडीचे किंवा तारा कासवाचे पिल्लू जखमी सापडले, तर मामला वेगळा. ते पाळणे गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

मग जबाबदारी कोणाची?

फक्त मालकाला दोष देऊन भागणार नाही. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्या-मांजरांसोबत आठवड्यातला एक ठरलेला दिवस परदेशी पाळीव प्राण्यांसाठी जाहीर झाला, तर अमरावतीच्या मालकालाही जवळपास १०० किलोमीटरवर खात्रीचा पत्ता मिळेल आणि विद्यार्थ्यांना हे रुग्ण प्रत्यक्ष पाहता येतील. विक्रेत्याने पिल्लासोबत यूव्हीबी ट्यूब, तापमानाचा तक्ता आणि जवळच्या डॉक्टरचे नाव दिलेच पाहिजे.

हे होईपर्यंत एक साधी कसोटी पुरे. पिल्लू घेण्याआधी एका पशुवैद्यकाला फोन करून विचारावे, ‘तुम्ही सरडा तपासता का?’ होकार मिळाला नाही तर पिल्लू आणू नये. आणि आणलेले सांभाळवत नसेल म्हणून माळरानावर सोडून देणे ही सुटका नव्हे. तिथे ते तरी मरेल, नाहीतर त्याचा आजार आपल्या सरड्यांना देऊन जाईल.